दिव्याचे देणे

जयपूर शहराच्या आग्नेयेस अरवलीची जी टेकडी आहे तिला झालाना डूंगरी असे म्हणतात. टेकडीच्या एका अंगास संस्थांची वसाहत आहे. राजस्थान हिंदी ग्रंथ अकादमी तेथे आहे, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालयही तेथेच आहे. टेकडीवरच्या राखीव जंगलात बिबटे आहेत आणि ते पाहण्यासाठी दूरदेशीचे पर्यटक उघड्या जीपगाड्यांतून हिंडतात. याच टेकडीच्या पायथ्याशी कच्च्या वस्त्याही आहेत. दगडविटांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले धोंडे. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा संस्थांच्या इमारतींतला उजेड आणि या पत्र्यांखालचा उजेड दुरून सारखाच दिसतो. दोहोंकडे येणारी वीज एकाच वितरण कंपनीची असते. फरक महिन्याकाठी कागद येतो तेव्हा पडतो. इमारतीत तो लेखाविभागाकडे जातो आणि वस्तीत तो देवाच्या तसबिरीमागे खोचला जातो.

त्या कागदाभोवती उभा राहणारा नैतिक प्रश्न वरकरणी फार लहान आहे. पैशाची ओढ असलेल्या कुटुंबाने विजेचे बिल भरण्यासाठी मदत घ्यावी काय, कुणाकडून घ्यावी, आणि ती देणाऱ्याने कशी द्यावी? तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत अशा प्रश्नांना सहसा जागा मिळत नाही. तेथे बुडत्या जहाजांची आणि सिंहासनांची उदाहरणे असतात. परंतु माणसाचा मान ज्या प्रसंगी प्रत्यक्ष पणाला लागतो ते प्रसंग बहुधा असेच किरकोळ असतात, आणि म्हणूनच त्यांचा विचार सावकाशीने करावयास हवा.

२०२३ सालच्या २४ एप्रिलपासून राजस्थानात सरकारने ‘महंगाई राहत कॅम्प’ भरविले. अनेक योजनांची नोंदणी तेथे एकाच मंडपाखाली होत असे. त्यांत एक योजना घरगुती विजेची होती. जून २०२३ पासून नोंदणी केलेल्या घरांना दरमहा पहिली १०० युनिटे विनामूल्य मिळू लागली. महिन्याला २०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्यांचा स्थिर आकार आणि इंधन अधिभारही माफ झाला. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नव्हता. तथापि मंडपात येणे, जन आधार कार्ड दाखविणे, बिलावरचा ग्राहकक्रमांक सांगणे आणि नोंद झाल्याचे हमीपत्र हाती घेणे एवढे करावे लागत असे. सवलत सर्वांसाठी होती, पण जो येईल त्यालाच ती मिळणार होती. या ‘येण्या’त काय काय सामावलेले होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम या १०० युनिटांचा अर्थ लावला पाहिजे. दोनशे वॅटचा एक कूलर दिवसाकाठी बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिटे जळतात. पंच्याहत्तर वॅटचा पंखा दहा तास फिरला तर साडेबावीस. नऊ वॅटचे दोन दिवे सहा तास लावले तर सव्वातीनच्या आसपास. ही बेरीज शंभराच्या अगदी जवळ येते. म्हणजे १०० युनिटे म्हणजे एक खोली, एक कूलर, एक पंखा आणि दोन दिवे. ज्या शहरात वैशाख-ज्येष्ठाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत यातली कोणती वस्तू चैनीची म्हणावी? तान्ह्या मुलाला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला त्या पत्र्याखाली कूलर ही औषधाइतकीच निकडीची वस्तू आहे.

ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गरजेची जी व्याख्या केली ती येथे उपयोगी पडते. जगण्यासाठी जे अपरिहार्य ते गरजेचे, एवढ्यावर तो थांबत नाही. ज्याच्यावाचून समाजात वावरताना साध्या मजुरालाही लाज वाटेल तेही त्याच्या मते गरजेचेच असते. त्याच्या काळी असे स्थान तागाच्या सदऱ्याला आणि कातडी जोड्याला होते. आज ते घरातल्या दिव्याला आहे. काळोख्या घरातून शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या काळोखाची कहाणी वर्गात सांगाविशी वाटत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केलेल्या थोरांच्या गोष्टी भारतीय मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितल्या. ईश्वरचंद्र विद्यासागरांची अशीच गोष्ट बंगालबाहेरही घरोघर पोचली. या गोष्टींतून मुलाची जिद्द शिकावी हे ठीकच. पण त्या मुलाच्या घरात दिवा का नव्हता, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्याने सहसा विचारला नाही. दारिद्र्याला अलंकार म्हणून मिरविण्याची ही सवय मदतीच्या प्रश्नाचा विचार करताना बाजूस ठेवावी लागते.

ही सवय बाजूस ठेवली, तरी फुकटचे नाकारणाऱ्या मराठी परंपरेला आदराने सामोरे जावेच लागते. गाडगेबाबा अंगणात आधी झाडू मारीत आणि मगच भाकरी स्वीकारीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गरीब घरातल्या मुलांना शिकताना कोणाचे मिंधे राहावे लागू नये, यासाठी त्यांनी श्रमाची आणि शिक्षणाची सांगड घातली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्रात आजही त्याच अर्थाने उच्चारले जातात. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनावर त्या ताटाने उमटविलेल्या खुणा मराठी आत्मचरित्रांत विखुरलेल्या आहेत. घास घशाखाली उतरण्यापूर्वी यजमानिणीच्या चेहऱ्याकडे पाहावे लागणे, हे त्या अनुभवाचे खरे दुःख होते. पोट भरे, पण मान आखडून राही.

या परंपरेचा आधार घेऊन पुष्कळदा असे म्हटले जाते की, विजेच्या बिलासाठी सरकारकडे हात पसरणारा माणूस आपले स्वत्व गमावतो. हा युक्तिवाद तपासून पाहिला म्हणजे त्यातली उणीव ध्यानात येते. गाडगेबाबांच्या झाडूमागे आणि कर्मवीरांच्या कुदळीमागे एक गृहीत होते. श्रम केले की भाकरी मिळते, हे ते गृहीत होय. झालान्याच्या पायथ्याशी राहणारी आणि पहाटे उठून पाच घरची धुणीभांडी करणारी बाई श्रम करीतच असते. तिच्याकडून आणखी कोणता झाडू मारून घ्यावयाचा आहे? तिच्या श्रमाचे मोल महिन्याच्या पंचविशीला संपते आणि बिल अठ्ठाविशीला येते. या तीन दिवसांच्या खिंडीला आळशीपणा म्हणता येत नाही. शेतकरी संघटनेच्या चळवळीत १९८० च्या दशकात ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गाजली, तेव्हा तिने हाच भेद चव्हाट्यावर मांडला होता. मदत घेणाऱ्याला कमीपणा देण्यापूर्वी त्याच्या घामाचे दाम चुकते झाले आहेत किंवा नाहीत, हे विचारले पाहिजे. ते झाले नसतील, तर ज्याला उपकार म्हटले जाते त्याचा काही भाग तरी थकलेल्या मजुरीचाच असतो.

अर्थात एवढ्याने प्रश्न सुटत नाही. घामाचे दाम पुरे मिळतील तो दिवस उगवेपर्यंत बिलाची अखेरची तारीख थांबत नाही. भारतीय वीज कायद्यानुसार थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. पंधरा दिवस हा कायद्याच्या दृष्टीने सौजन्याचा अवधी होय, आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या दृष्टीने तो उसनवारीचा अवधी होय. या अवधीत तो पहिल्यांदा शेजाऱ्याकडे जातो.

शेजारधर्माचा एक प्रकार वस्त्यांतून सर्वत्र दिसतो. एका घराची वीज तुटली की शेजारचे घर खिडकीतून एक तार सोडते आणि तिच्यावर एक दिवा, एक पंखा चालतो. परीक्षा जवळ आलेल्या मुलासाठी किंवा बाळंतिणीसाठी अशी तार सोडण्याला कोणीही पाप मानीत नाही. परंतु २००३ च्या वीज कायद्याचे १२६ वे कलम मंजूर जागेखेरीज अन्यत्र वीज वापरण्याला अनधिकृत वापर मानते आणि त्याची आकारणी दुप्पट दराने करते. म्हणजे जो हात सर्वांत आधी पुढे येतो तोच कायद्याच्या लेखी दोषी ठरतो. कायद्यामागे कारण आहेच. अशा तारांनी आगी लागतात, माणसे दगावतात, आणि शेजारधर्माच्या नावाखाली चोरीचा धंदाही चालतो. तरीही दोन प्रकारच्या चांगुलपणांमधला हा संघर्ष नजरेआड करता येत नाही. एकाला नियमाची शिस्त आहे, दुसऱ्याला ओळखीची ऊब आहे. पहिल्याने दुसऱ्याला बंदी केली, तर दुसऱ्याने जे काम केले असते ते करण्याची जबाबदारीही पहिल्यावर येते.

शेजाऱ्याच्या मदतीला दुसरी एक किंमत असते, आणि ती पैशात मोजता येत नाही. ॲरिस्टॉटलने थोर मनाच्या पुरुषाचे वर्णन करताना म्हटले आहे की, असा पुरुष उपकार करतो, पण उपकार घेण्याची त्याला लाज वाटते, कारण देणारा वरचढ असतो आणि घेणारा खालचा. मार्सेल मॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ साली देणगीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, परतफेडीच्या अपेक्षेतून मुक्त अशी देणगी समाजात जवळजवळ नसतेच. शेजाऱ्याची तार खिडकीतून आली की तिच्यामागोमाग एक न लिहिलेला करारही येतो. भांडण झाले तर आता तोंड उघडता येत नाही. त्यांच्या घरच्या लग्नात पाणी भरायला जावे लागते. हे बंध सारेच वाईट नसतात, किंबहुना वस्तीचे जीवन त्यांच्यावरच तगून असते. परंतु ज्याच्याजवळ परत देण्यासारखे काहीच उरलेले नाही, अशा वृद्ध विधवेला किंवा आजारी माणसाला ते फास होऊन बसतात. शासनाच्या मदतीचे नैतिक बळ येथेच आहे. ती अनोळखी असते, तिच्यापुढे वर्षभर मान खाली घालून वावरावे लागत नाही, निदान तसे अपेक्षित असते.

मग ही मदत कोणाची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवते. दुष्काळात माणसे तडफडत असताना या अधिकाऱ्याने बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना लुटवली, असे परंपरा सांगते. धान्य दामाजीचे नव्हते. दया त्याची होती, पण माल दुसऱ्याचा. बादशहाने त्याला पकडून आणण्याचा हुकूम दिला. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत चुकती केली आणि भरपाईची पावती घेतली, असा कथेचा शेवट आहे. भाविकांनी या शेवटात भक्तवत्सलता पाहिली, आणि ते योग्यच आहे. नीतिविचाराच्या दृष्टीने मात्र तिच्यात आणखी काही आहे. धान्य वाटले म्हणून त्याची किंमत नाहीशी झाली, असे कथा सांगत नाही. ती कोणाला तरी भरावी लागली, आणि तिची रीतसर पावतीही झाली. लोककथेने दयेला हिशेबातून सूट दिली नाही. आणि ती किंमत भरण्यासाठी देवाने जे रूप घेतले ते त्या काळच्या समाजातील सर्वांत तळच्या माणसाचे, हा तपशीलही नजरेतून सुटता कामा नये. मोफत वाटपाचा भार अखेरीस कोणाच्या खांद्यावर जातो, याची एक उदास जाणीव त्यात दडलेली असावी.

‘मोफत’ या शब्दाबद्दलचा आजचा वाद या कथेच्या उजेडात निराळा दिसू लागतो. वीज कायद्याच्या ६५ व्या कलमात असे म्हटले आहे की, राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यावयाची असेल तर त्याने त्या सवलतीची रक्कम वितरण कंपनीस आगाऊ चुकती करावी. विठू महाराने केले तेच हे कलम सांगते. कोठार उघडण्याला हरकत नाही, पण पावती हवी. अनेक राज्यांत ही रक्कम वेळेवर पोचत नाही, कंपन्यांचा तोटा फुगत जातो, आणि त्याची भरपाई पुढे वाढलेल्या दरांच्या रूपाने इतर ग्राहकांकडून होते. त्या ‘इतरां’त सवलतीच्या मर्यादेच्या एक पाऊल वर उभे असलेले कुटुंबही असते. २०२ युनिटे जाळणाऱ्या घरातली निकड १९८ युनिटांच्या घरातल्या निकडीपेक्षा फारशी वेगळी नसते.

मर्यादेचा प्रश्न येथे नीतीचाच प्रश्न होऊन बसतो. पंजाबात १९९७ पासून शेतीची वीज मोफत झाली, आणि त्या विजेवर उपसा अमर्याद होत जाऊन भूजलाची पातळी खालावत गेली, हे आता सर्वमान्य आहे. तेथे दयेला काठ नव्हता. एका खोलीचा उजेड आणि एक कूलर एवढ्यापुरती दिलेली १०० युनिटे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. गरजेइतकी मदत आणि गरजेला विसरलेली मदत यांतला फरक रकमेच्या आकड्यात दिसत नाही, तो वापराच्या हद्दीत दिसतो. या हद्दीचा सांभाळ हे घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. शंभर युनिटे मिळतात म्हणून दिवसा दिवा जळत ठेवणारा माणूस सरकारला फसवितो असे म्हणण्यापेक्षा, तो त्याच रांगेतल्या पुढच्या माणसाचा वाटा जाळतो असे म्हणणे अधिक खरे होईल.

आता देण्याच्या रीतीकडे वळता येईल. मदत गरजूंनाच मिळावी, सधनांनी ती लाटू नये, असे म्हणणे न्यायाला धरूनच आहे. पण गरजू कोण हे ठरविण्यासाठी गरज सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करण्याच्या ओघात माणसाला आपले अपयश परक्यासमोर उलगडून दाखवावे लागते. जोनाथन वूल्फ या इंग्रज तत्त्वचिंतकाने १९९८ साली या अनुभवाला लाजिरवाण्या कबुलीजबाबाचे नाव दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नोकरी मिळत नाही हे माणसाला ठाऊक असणे निराळे आणि आपल्या अंगी काही गुण नसल्यामुळे ती मिळत नाही हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला पटवून देणे निराळे. दुसऱ्या प्रकारात मदत मिळते, पण जिच्यासाठी मदत हवी होती ती प्रतिष्ठाच वाटेत सांडते.

ब्रिटनमध्ये या विवंचनेचा अनुभव प्रत्यक्ष आला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणाऱ्या कुटुंबाच्या स्थितीला ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात इंधनदारिद्र्य म्हटले. १९९७ साली तेथील सर्व वृद्धांना हिवाळ्यातील इंधनासाठी रक्कम देण्याची प्रथा सुरू झाली. ती २०२४ मध्ये उत्पन्नाच्या कसोटीवर साहाय्य घेणाऱ्यांपुरती मर्यादित करण्यात आली. अशा साहाय्यास पात्र असूनही अनेक वृद्ध अर्जच करीत नाहीत, हे तेथे पूर्वीपासून ठाऊक होते. परिणामी जे लाजेने मागे राहिले होते तेच थंडीतही मागे राहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये पस्तीस हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या सर्व वृद्धांना ती रक्कम पुन्हा मिळू लागली. काटेकोर न्याय शोधता शोधता करुणा हरवते, आणि ती परत आणायची तर न्यायाला थोडे सैल व्हावे लागते, हे या फेऱ्यातून दिसून आले.

दिल्लीने २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंतचा वापर निःशुल्क केला होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून सवलत हवी असणाऱ्याने तशी मागणी नोंदवावी, असा नियम तेथे झाला. पुरावा नको, फक्त मागणी हवी. हा मध्यम मार्ग विचारार्ह आहे. ज्याला नको त्याने गप्प राहावे आणि ज्याला हवे त्याने म्हणावे, एवढी माफक अपेक्षा त्यात आहे. तरीही मागणे ही कृतीच काहींना जड जाते. झालान्याजवळच्या मंडपापर्यंत पोचायचे तर रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, निरक्षर म्हातारीला कोणाचा तरी हात धरावा लागतो, आणि पेन्शनीत निघालेल्या शिक्षकाला आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या देखत रांगेत उभे राहावे लागते. त्यांपैकी जो आला नाही त्याला गरज नव्हती, असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे, खरे नाही.

याच्या उलट दिशेचा प्रयोग २०१५ साली झाला. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान सधनांनी आपण होऊन सोडावे, असे आवाहन देशभर करण्यात आले आणि एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ते सोडले. पुढे १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या मिळू लागल्या. सोडणाऱ्यांचे कौतुक झाले, ते रास्तही होते. पण कौतुकालाही एक सावली असते. सोडणे हा पुण्याचा विषय झाला की घेणे हा आपोआप उणेपणाचा विषय होतो. वस्तुतः ज्याने सोडले त्याने आपल्या वाट्याला चुकून आलेली वस्तू परत केली, आणि जिने घेतली तिने आपल्या वाट्याची वस्तू उशिरा का होईना स्वीकारली. दोघांच्या कृतीत नैतिक उंचीचा फरक मानण्याचे कारण नाही. शिवाय जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. दोन सिलिंडरांमधल्या महिन्यांत कित्येक चुलींचा धूर पुन्हा सुरू झाला. दारापर्यंत दिवा पोचविणे सोपे, तो तेवत ठेवणे कठीण, हा धडा विजेच्या बाबतीतही तितकाच खरा आहे. १९८८-८९ सालच्या कुटीर ज्योतीपासून २०१७ च्या सौभाग्य योजनेपर्यंत जोडणीचा उत्सव अनेकदा झाला, पण पहिले बिल आले त्या दिवसाची नोंद कोणी ठेवली नाही.

या साऱ्या विवेचनात एक माणूस अजून दाराबाहेरच उभा आहे. तो म्हणजे भाडेकरू. वीज मीटरच्या नावाने येते आणि मीटर घरमालकाच्या नावाने असते. एका मीटरवर चार खोल्या असतील, तर चौघांचा वापर एकत्र मोजला जातो, सवलतीची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि मालक आपल्या मर्जीने ठरविलेल्या दराने प्रत्येकाकडून पैसे घेतो. सवलत मिळालीच तर ती मालकाच्या बिलात उतरते. जो सर्वांत गरजू तो शासनाच्या वहीत दिसतच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजस्थानच्या अर्थसंकल्पात घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसवून १५० युनिटांपर्यंत मोफत वीज देण्याचा विचार मांडला गेला. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेतही तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. सूर्याची वीज कोणाचे मिंधेपण शिकवीत नाही, हे तिचे मोठेपण. पण ती पकडायला छप्पर लागते, तेही आपल्या मालकीचे आणि पट्ट्यांचा भार पेलणारे. धोंडे ठेवून धरलेल्या पत्र्यांवर ती कोठे ठेवायची? छप्पर नसलेल्यांसाठी सामुदायिक सौरप्रकल्पांची वाट चोखाळल्यावाचून या मदतीला पुरती न्याय्य म्हणता येणार नाही.

आणि शेवटी वचनाचा प्रश्न. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात मीटरवाचन थांबले आणि सरासरीने बिले गेली. जूनमध्ये अनेक महिन्यांचा हिशेब एकदम हाती आला तेव्हा लोक हबकले. हप्त्यांची सोय झाली. त्याहून अधिक दिलासा मिळेल अशी आशाही शासनाकडून दाखविली गेली. नोव्हेंबरात ती आशा मागे घेण्यात आली आणि २०२१ च्या आरंभी थकबाकीदारांची वीज तोडण्याची मोहीम निघाली. या प्रकरणी कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तिजोरी रिकामी होती हे खरेच. परंतु दिलासा मिळणार म्हणून ज्याने बिल भरले नाही, त्याच्यावर थकबाकी साचली आणि वर व्याजही चढले. ज्याने पहिल्याच महिन्यात मंगळसूत्र गहाण टाकून बिल भरले, तो शहाणा ठरला. ज्याने शब्दावर विश्वास ठेवला, तो फसला. मदत नाकारण्याने माणूस अडचणीत येतो, पण मदतीचे वचन मोडण्याने त्याचा शब्दावरचा भरवसाच उडतो, आणि पुढच्या खेपेस खरी मदत दारात आली तरी तो तिच्याकडे संशयानेच पाहतो.

तेव्हा घ्यावे की न घ्यावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर घेणाऱ्याकडे एकट्याकडे मागणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडून दोनच गोष्टी अपेक्षिता येतात: गरज नसेल तेव्हा न घेणे, आणि घेतलेले उधळू नये. बाकीचा भार देणाऱ्याचा आहे. त्याने पावती आपल्या नावाने फाडावी, ती पुढच्या पिढीच्या किंवा तळच्या माणसाच्या नावाने फाडू नये. शब्द दिला तर पाळावा. मदतीची वही मीटरपाशी न थांबता माणसापर्यंत न्यावी. आणि रांग लावायचीच असेल तर ती अशी लावावी की तीत उभ्या राहणाऱ्याला ओळखीचे कोणी दिसले तरी तोंड चुकवावे लागू नये.

झालान्याच्या पायथ्याशी अजूनही तो कागद तसबिरीमागे खोचला जातो. एखाद्या घरातली सून तो बाहेर काढते, शेजारच्या अशिक्षित सासूबाईंचाही मागून घेते, दोन्ही कागद एका पिशवीत घालते आणि खिडकीवर जाते. सासूबाई विचारतात, तुझा खाडा पडेल ना? ती म्हणते, माझं जायचंच होतं. हे वाक्य खरे असेलच असे नाही. पण त्या एका वाक्याने घेणाऱ्याचे ओझे उतरते, आणि देणारी कोणी आहे याचीही त्या दोघींना आठवण राहत नाही. शासनाला असे वाक्य उच्चारता येत नाही हे मान्य केले, तरी ते कानावर घेऊन आपली रांग त्याला आखता येईल.